निघायचा दिवस आधी सांगा

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून:

"आम्ही जर्मनीत, कोलोनजवळ राहतो. मी, नवरा आणि आठ वर्षांची मुलगी. माझ्या बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र लंडनला, हॅरोमध्ये असतात. काकांनी पंचाहत्तरी ओलांडली, काकूही सत्तरीच्या पुढे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून काका दर रविवारी फोन करतात आणि शेवटी 'कधी येताय?' एवढं विचारतातच. आता ईस्टरच्या सुट्टीत जायचं ठरलंय. काका म्हणतात दोन आठवडे राहा. नवरा त्यांना कधी भेटलेला नाही. तो म्हणतो तीन दिवस जाऊ, हॉटेलात उतरू आणि विमानानं परत येऊ. मला परतीला तरी रेल्वेनंच यायचंय. का, ते मला धड सांगता येत नाही. विमान म्हटलं की काका पहाटे उठून गाडी काढणार, नको म्हटलं तरी ऐकणार नाहीत. लग्नाआधी मी बाबांबरोबर गेले होते, तेव्हा निघताना काकू दारात उभ्या राहून रडल्या होत्या. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. किती दिवस राहावं? कुठं राहावं? आणि रेल्वेचा माझा हट्ट खुळा आहे का?"

हट्ट मुळीच खुळा नाही. आणि तो का धरलाय हे तुम्ही पत्रातच लिहून बसलात, फक्त वेगळ्या ओळीत. तुम्हाला भीती परतीच्या प्रवासाची नाही, निरोपाची आहे. म्हणून मी उत्तर उलट्या टोकाकडून सुरू करते. आधी निघायचा दिवस आणि गाडी ठरवा. बाकीचं सगळं त्यातून सुटत जाईल.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. कितीतरी वर्षांपूर्वी मी आईच्या मैत्रिणीकडे झुरिकला गेले होते. परतीचं तिकीट काढलं नव्हतं, "बघू, दोन-चार दिवसांनी" असं मोघम बोलून गेले. मावशी रोज म्हणायच्या, अजून दोन दिवस राहा गं. मी राहत गेले. सातव्या दिवशी पहाटे पाणी प्यायला उठले, तर बैठकीच्या खोलीत मावशी आणि त्यांचे पती सोफ्यावर अवघडून झोपलेले. पायाशी घडी करून ठेवलेली चादर, टेबलावर औषधांची डबी, आणि मी त्यांच्या पलंगावर. मावशींचा आग्रह खोटा नव्हता, अगदी मनापासून होता. पण थांबवायचं कधी हे ठरवण्याचा भार मी त्यांच्या अंगावर टाकला होता, आणि "आता पुरे" हे यजमान कधीच म्हणू शकत नाही. ते पाहुण्यानंच म्हणायचं असतं, आणि दारात पाऊल टाकण्याआधी म्हणायचं असतं.

तेव्हा काकांना येत्या रविवारी फोनवरच सांगा: "काका, आम्ही गुरुवारी संध्याकाळी येतोय आणि पुढच्या मंगळवारी दुपारच्या गाडीनं निघतोय, तिकिटं काढली." काढू का, असं विचारू नका. काढली, असं सांगा. पाच रात्री म्हणजे पुरेसा सहवास. दोन आठवडे दोन्ही बाजूंना जड जातील. तीन दिवसांत पहिला दिवस अवघडलेपणात आणि शेवटचा आवराआवरीत जातो, मग हाती उरतो एक. शिवाय या पाच दिवसांत एक रविवार येतो. त्या रविवारी फोन वाजायचा नाही, कारण तुम्ही समोर बसलेल्या असाल. काकांना त्याचं किती वाटेल, ते तुम्हीच बघा.

हॉटेलाबद्दल मी तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध जाणार आहे, पण त्यांची बाजू मला समजते. अनोळखी घरात, दुसऱ्याच्या वेळेनुसार उठायचं, बायकोच्या बालपणाच्या गप्पा ऐकत हसत बसायचं, हे सोपं नसतं. तरी हॉटेलात उतरलात तर काकांना ते लागेल, आणि त्यांच्या वयात अशी गोष्ट मनातून लवकर जात नाही. घरीच राहा, फक्त दोन गोष्टी आधी बोलून घ्या. झोपायची सोय काय आहे ते काकूंना स्पष्ट विचारा, आणि "तुमची खोली आम्ही घेणार नाही, आम्हाला बैठकीत जमिनीवर छान झोप लागते" हे तुम्ही आधीच सांगून टाका. आणि रोजचे तीन-चार तास तुम्ही तिघं बाहेर राहाल असं ठरवा. दुपारी जेवण झाल्यावर बाहेर पडा, संध्याकाळी परत या. काका-काकूंना वामकुक्षी मिळेल आणि तुमच्या नवऱ्याला श्वास. या वयाच्या माणसांची औषधं, आंघोळ, जेवण, झोप हे सगळं ठरलेल्या वेळी चालतं. पाहुणे आले की ते वेळापत्रक मोडतं, आणि ते मोडलं असं तोंडानं कुणी सांगत नाही.

आता रेल्वेकडे येते, कारण तिथं थोडं नीट समजून घ्यावं लागेल.

हॅरो-ऑन-द-हिलवरून ट्यूबची, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेची, मेट्रोपॉलिटन लाइन सरळ किंग्ज क्रॉस सेंट पँक्रस स्टेशनला जाते, कुठं बदलायची गरज नाही. म्हणजे काकांना गाडी काढावी लागत नाही, पार्किंग शोधावं लागत नाही, पहाटे उठावं लागत नाही. ते तुमच्याबरोबर ट्यूबनं येऊ शकतात आणि त्याच लाइननं घरी परतू शकतात. विमानाच्या विरुद्ध माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. तुम्हाला सोडायला येणं हा त्यांचा हक्क आहे आणि तो तुम्ही त्यांना द्यावा, पण पंचाहत्तरीच्या माणसाला अंधारात हायवेवर गाडी चालवायला न लावता.

सेंट पँक्रसहून युरोस्टारनं, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून युरोपात जाणाऱ्या गाडीनं, ब्रसेल्स साधारण 2 तास, ब्रसेल्सला गाडी बदलून कोलोन आणखी 2 तासांच्या आत. तिकीट शक्यतो लंडन ते कोलोन असं एकाच बुकिंगवर काढा. दोन वेगळी तिकिटं कधी थोडी स्वस्त पडतात, पण पहिली गाडी उशिरा पोचली आणि दुसरी चुकली तर पुढच्या गाडीत बसवण्याची जबाबदारी कुणाची, यावर प्लॅटफॉर्मवर वाद घालत बसावं लागतं. मी एकदा असा वाद घातला आहे, हातात झोपलेलं लेकरू घेऊन, आणि हरले आहे. नवं तिकीट पूर्ण पैसे मोजून काढावं लागलं. एका बुकिंगवर असाल तर ती जबाबदारी रेल्वे कंपनीची. तरीही ब्रसेल्सला निदान तासाभराचं अंतर ठेवा. मुलीला पाय मोकळे करायला मिळतील. काही कारणानं उशीर झालाच तर तिथल्या कर्मचाऱ्यांकडून उशीर झाल्याचं लेखी घ्या आणि तिकीट टाकून देऊ नका. युरोपियन युनियनचा प्रवाशांच्या हक्कांचा नवा नियम 7 जून 2023 पासून लागू झाला आहे. त्याप्रमाणे शेवटच्या ठिकाणी 60 ते 119 मिनिटं उशिरा पोचलात तर तिकिटाच्या 25 टक्के, आणि 2 तास किंवा त्याहून जास्त उशीर झाला तर 50 टक्के भरपाई मागता येते. काही अपवाद आहेत, जसं की अतिशय वाईट हवामान. अर्ज 3 महिन्यांच्या आत करायचा.

जर्मनीत मुलीची शाळा बुडवून प्रवासाला जाता येत नाही, म्हणून तुम्ही सुट्टी निवडलीत ते योग्यच. पण ईस्टरला सगळेच निघतात. तिकीट आजच बघा.

कागदपत्रांचं सांगते, कारण यात माझ्या ओळखीतली दोन कुटुंबं अडकली आहेत. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असलं तरी भारतीय पासपोर्टवर ब्रिटनला जायला वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. व्हिसाच्या अर्जात कुठं उतरणार तो पत्ता द्यावा लागतो, तेव्हा काकांचं एक साधं पत्र सोबत ठेवा: तुम्ही कोण, किती दिवस त्यांच्याकडे राहणार. (काकांना हे काम सांगा. त्यांना फार आवडेल.) मुलीचा पासपोर्ट जर्मन असेल तर तिला व्हिसा नको, पण ब्रिटनची ईटीए ही ऑनलाइन परवानगी लागते. युरोपीय नागरिकांना ती 2 एप्रिल 2025 पासून सक्तीची आहे. आणि जर्मन ओळखपत्र चालत नाही, पासपोर्टच लागतो. तिघांचे नियम तीन वेगळे असू शकतात, म्हणून एका संध्याकाळी तिन्ही पासपोर्ट टेबलावर मांडा आणि एकेकाचं बघा.

परतीला ट्रेनमध्ये चढण्याआधीच, सेंट पँक्रसवरच, फ्रेंच पोलीस तुमचे पासपोर्ट बघतात. शेंगेनमधला प्रवेश तिथंच होतो, त्यामुळे ब्रसेल्सला उतरल्यावर परत रांग नाही. त्या वेळी पासपोर्टबरोबर जर्मन परमिटचं कार्ड हातात ठेवा. बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी जी नवी यंत्रणा ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली, ती परमिटधारकांसाठी नाही. यंत्रांच्या रांगेत कुणी पाठवलं तर कार्ड दाखवून विचारा. पुढे जर्मनीच्या सीमेवरच्या आखेनच्या आसपास जर्मन पोलीस डब्यात चढून कागद बघू शकतात. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं बेल्जियमच्या बाजूलाही तपासणी सुरू केली आहे. तेव्हा पासपोर्ट वरच्या रॅकवरच्या बॅगेत नकोत, जवळच्या पिशवीत हवेत.

सामानाला युरोस्टारमध्ये वजनाची मर्यादा नाही. प्रत्येकी 85 सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक छोटी पिशवी नेता येते, पण त्या चढवायच्या-उतरवायच्या तुम्हीच. आता काकू काय करणार ते मला इथूनच दिसतंय. निघायच्या दिवशी सकाळी एक पिशवी तयार असेल, आणि त्यात घरी कढवलेलं तूप असेल, खव्याचं काहीतरी असेल. ते नेता येत नाही. ब्रिटनहून युरोपियन युनियनमध्ये प्रवाशांनी दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. उलट दिशेलाही, लाळ-खुरकूत रोगामुळे, ब्रिटननं 12 एप्रिल 2025 पासून दुधाचे पदार्थ आणि गुरं, मेंढ्या, डुकरं यांचं मांस आणायला मनाई केली आहे, म्हणजे तुम्हीही जर्मनीहून चीज नेऊ नका. हे काकूंना निघताना दारात सांगू नका. त्यांनी चार तास गॅसपाशी उभं राहून केलेलं परत करावं लागलं तर त्या खरंच रडतील. पहिल्याच फोनवर सांगा: "काकू, तूप आणि खवा पोलीस काढून घेतात, मला तुमचा मसाला द्या." त्यांच्या हातचा मसाला घरी नेणं ही काही कमी भेट नाही. आणि कुणी दागिना काढून दिला, जसा काही काकू मैत्रिणीच्या लेकीला देतात, तर तिथल्या तिथं हो म्हणू नका. रेल्वेनं युनियनमध्ये येताना मोठ्या माणसाला 300 युरोपर्यंतच्याच वस्तू करमुक्त आणता येतात, त्याच्या वर असेल तर जाहीर करावं लागतं.

तुम्ही काय न्यायचं, असं विचारलं नाहीत, पण सांगते. वस्तू नेऊ नका. त्यांच्या घरात वस्तूंची कमी नाही, त्या उलट त्यांना आवराव्या लागतात. एक जुना फोटो न्या. बाबांच्या कपाटात कॉलेजच्या काळातला एखादा असेलच, सात-आठ मुलं एका पायरीवर बसलेली. रविवारी दुपारी तो काकांसमोर ठेवा आणि विचारा, हा कोण, तो कोण. पेन्सिल घ्या आणि फोटोच्या मागं नावं लिहीत जा. पेन नको, शाई पुढच्या बाजूला उतरते. परवानगी घेऊन फोनवर आवाज रेकॉर्ड करा. तुमचे बाबा विशीत कसे होते, कशावर भांडायचे, परीक्षेच्या आदल्या रात्री काय करायचे, हे सांगू शकणारी माणसं आता जगात किती उरलीत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि प्रश्न मुलीला विचारू द्या. आठ वर्षांचं मूल जे विचारतं ते आपण विचारायला धजत नाही. "आजोबा मारामारी करायचे का?" असा प्रश्न आला की काका एकदम खुर्चीत सरसावून बसतील. तुमच्या नवऱ्यालाही त्या दुपारी घरातच थांबायला सांगा. सासऱ्यांना ते जसे ओळखत असतील त्याहून वेगळा माणूस त्यांना तिथं भेटेल. त्यानंतर हॉटेलाचा विषय ते पुन्हा काढणार नाहीत, असं मला वाटतं.

आता निरोपाचं. सेंट पँक्रसवर एक गोष्ट काका-काकूंना माहीत नसेल, आणि ती आयत्या वेळी कळली तर सगळ्यांचीच तारांबळ उडेल. तिथं प्लॅटफॉर्मवर जाऊन, खिडकीशी उभं राहून निरोप देता येत नाही. तिकिटाच्या गेटच्या आत फक्त प्रवासी जातात, मग सुरक्षा तपासणी, मग पासपोर्ट, मग वर गाडी. गेट गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधी बंद होतात. रांगा मोठ्या असतात, म्हणून दीड तास आधी पोचा. म्हणजे खरा निरोप गेटपाशी, गर्दीत, चाकांच्या बॅगांच्या मधोमध होतो. तिथं मनातलं बोलायला कुणालाच जमत नाही.

त्यामुळे बोलायचं ते सोमवारी रात्री बोला. जेवण झाल्यावर, भांडी आवरून, तुम्ही मोठी चौघंही बसलेली असताना. तुम्हाला बाबांबद्दल काकांना काय सांगायचंय ते तेव्हाच सांगा. काकूंना रडायचं असेल तर त्या रात्री रडू द्या, आणि तुम्हीही रडा. सकाळसाठी मग फक्त चहा आणि सामान उरेल. गेल्या वेळी दारात जे झालं ते इतकं लागलं, कारण सगळं त्या एका मिनिटात कोंबलं गेलं होतं. पहाटेच्या विमानाची घाई होती का तेव्हा? बहुतेक असावी.

आणि मंगळवारी गेटपाशी त्यांचा निरोप घेतलात की त्यांना सांगा, लगेच घरी जाऊ नका, वरच्या मजल्यावर जा. तिथं मोठ्या घड्याळाखाली एकमेकांना मिठीत घेतलेल्या दोघांचा 9 मीटर उंच पुतळा आहे. 2007 मध्ये युरोस्टार वॉटर्लू स्टेशनवरून इथं आली त्याच सुमाराचा तो. त्याच्या पलीकडे काच आहे, आणि काचेपलीकडे तुमची गाडी. काका-काकू तिथून गाडी निघताना बघू शकतात. हात हललेला तुम्हाला दिसणार नाही कदाचित, पण ते वर उभे आहेत हे तुम्हाला माहीत असेल, आणि शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांच्याही हाताला काम असेल.

मग गाडी सुटते. साधारण अर्ध्या तासानं बोगदा येतो, एकूण 50 किलोमीटरचा, त्यातला 38 समुद्राखाली. मुलीला वाटेल खिडकीतून मासे दिसतील, तिला आधीच सांगून ठेवा की वीस मिनिटं फक्त काळोख असतो. तुम्हाला मात्र ती वीस मिनिटं हवीच आहेत. विमानात निरोप घेतल्याबरोबर बेल्ट, घोषणा, रांग, पट्टा, बूट काढा, बूट घाला, आणि दोन तासांत माणूस आपल्या दारात, मन अजून तिकडंच. गाडीत तुम्हाला चार-पाच तास नुसतं बसायला मिळतं. बेल्जियममधल्या लियेजला गाडी थांबते तेव्हा वर बघा, पांढऱ्या पोलादाची आणि काचेची कमानच कमान, समोर भिंत अशी नाहीच. तिथून जर्मनी जवळ येते. तोवर तुमच्या मनात काय काय बसलं असेल ते बसू द्या, नवऱ्याशी बोलायची घाई करू नका. रेल्वेनंच यायचं असं तुम्हाला का वाटत होतं, ते त्यांना आखेनच्या आसपास आपोआप कळेल.

ब्रसेल्सला गाडी बदलताना फोन करा. तुमच्या घड्याळात चार वाजले असतील तेव्हा काकांच्या घड्याळात तीन, आणि ते कधीचे हॅरोला पोचलेले असतील. फोन मुलीच्या हाती द्या. आणि पुढच्या रविवारी काकांनी फोन उचलायच्या आत तुम्ही लावा.